रिसर्च सोडून इन्क्लूजनच्या कामात यावं का? एका मेकॅनिकलवालीचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे एका इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहेत, मटेरियल्समध्ये पीएचडी झालीय, पेपर बरे येतायत, पण मध्ये समान संधी कक्षाचं काम, म्हणजे जात, दिव्यांगत्व, गरिबी यांमुळे मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचं, इन्क्लूजनचं काम, अंगावर आलं आणि आता त्यांचं मन लॅबपेक्षा तिथंच जास्त लागतंय. रिसर्च सोडून पूर्णवेळ तिकडे वळावं का, करिअरचं काय होईल, आणि समाजशास्त्राचा गंध नसलेल्या इंजिनिअरला हे जमतं का, असं विचारलंय.

सरळ उत्तर देते. जरूर वळा, फक्त रिसर्चची सवय मागे ठेवून येऊ नका, कारण या कामात तुमच्याजवळची सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच आहे. मी मेकॅनिकलची, पीएचडी वेल्डिंगच्या जॉइंटच्या फटीगवर, म्हणजे पुन्हा पुन्हा लोड आला की क्रॅक कुठून सुरू होतो आणि कसा वाढतो यावर. बरीच वर्षं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवलं आणि आता माझा जवळजवळ सगळा वेळ विद्यार्थी कॉलेजात टिकतात का, कोण गळतं, कुठं गळतं आणि ते थांबवायला काय बदलावं लागतं यातच जातो. फटीगमध्ये एक गोष्ट हाडात मुरते, पार्ट तुटला की आपण पार्टला दोष देऊन मोकळे होत नाही, आपण तुटलेला पृष्ठभाग मायक्रोस्कोपखाली ठेवतो आणि बघतो की लोड किती होता, कोपरा धारदार ठेवला होता का, ड्रॉइंगमध्येच गडबड होती का. कॉलेजात मात्र मुलगा नापास झाला की पहिलं वाक्य येतं, 'बेसिकच कच्चं आहे याचं.' माझं या कामात येणं इथूनच झालं, मला ते वाक्य पुराव्याशिवाय पटेना.

तुम्ही पहिलं काम काय करायचं तर फर्स्ट इयरचा निकाल घेऊन बसायचं. कॉलेजकडे सगळा डेटा असतो, कुणी उघडून बघत नाही एवढंच. पहिल्या सेमचे मार्क, बारावीचं बोर्ड, माध्यम, डिप्लोमातून डायरेक्ट सेकंड इयरला आलाय का, हॉस्टेल की रोज एसटीनं येणं-जाणं, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) कुठल्या राऊंडला ॲडमिशन झाली म्हणजे कॉलेज सुरू झाल्यावर किती दिवसांनी पोचला, स्कॉलरशिपचा हप्ता कधी पडला. हे सगळं एकत्र लावून बघा. बऱ्याच कॉलेजांत जे दिसतं ते असं की शेवटच्या राऊंडला आलेली पोरं पहिल्या युनिट टेस्टला हमखास मागे असतात, आणि त्याचा हुशारीशी काही संबंध नसतो, त्यांचा अर्धा सिलॅबस बुडालेला असतो, हॉस्टेल भरलेलं असतं, जात पडताळणीच्या व्हॅलिडिटीसाठी बाप जिल्ह्याच्या ठिकाणी फेऱ्या मारत असतो. मग एम-वनला, म्हणजे पहिल्या सेमच्या गणिताला, एटीकेटी, तीच पुढं एम-टूला, आणि तिसऱ्या सेमला पोचेपर्यंत इयर डाऊन, म्हणजे वर्ष वाया. डिप्लोमावाल्यांचं अजून वेगळं, ते दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेले, बरेचसे गावाकडचे आणि घरून लवकर कमावण्याची गरज असलेले, वर्कशॉपमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नसतं पण डायरेक्ट सेकंड इयरला आल्या आल्या समोर एम-थ्री उभा राहतो आणि बारावीचं कॅल्क्युलस त्यांनी त्या पद्धतीनं केलेलंच नसतं. याला 'बेसिक कच्चं' म्हणणं म्हणजे ज्याला जिना दिलाच नाही त्याला वर का आला नाहीस विचारणं आहे.

एक काळजी घ्या. साठच्या वर्गात एखाद्या गटाची तीन-चारच मुलं असतात, तिथं टक्केवारी काढून ग्राफ दाखवू नका. एक मुलगा पास झाला की आकडा निदान पंचवीस टक्क्यांनी उडतो आणि वर त्या ग्राफवरून सगळ्यांना कळतं की कुणाबद्दल बोलणं चाललंय. चार-पाच वर्षांच्या बॅच एकत्र करा, नावं काढून टाका, आणि फाईल तुमच्या लॅपटॉपवरच राहू द्या.

देशपातळीवरही चित्र असंच अर्धं आहे. आइशे या उच्च शिक्षणाच्या देशव्यापी सरकारी सर्व्हेत २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के होतं, अनुसूचित जातींचं २५.९ आणि अनुसूचित जमातींचं २१.२. म्हणजे दारातून आत येण्यातलं अंतर आहेच, पण कमी होतंय. आत आल्यानंतर काय होतं ते कमी बोललं जातं. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत सरकारनं दिलेल्या उत्तरात पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून एससी, एसटी, ओबीसी मिळून १३,६०० हून जास्त विद्यार्थी बाहेर पडल्याचे आकडे होते. त्यातले बरेच दुसऱ्या कोर्सला किंवा दुसऱ्या संस्थेत जातात असं सरकारचं म्हणणं होतं, तसं असेलही, पण मग कोण स्वतःहून गेलं आणि कोणाला जावं लागलं हे संस्थेनं मोजायला नको का? कॉलेज सोडणाऱ्या प्रत्येकाशी बसून बोलणं, जाताना नाही तर गेल्यावर दोन महिन्यांनी फोन करून, हे मी तुम्हाला आग्रहानं सांगीन. दाखला घेताना सगळे 'घरगुती अडचण' लिहितात. फोनवर खरं कळतं.

आता एक उदाहरण जे मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेत बर्कलीला युरी ट्रायझमन नावाचा गणिताचा माणूस होता, सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येनं नापास होत होते आणि प्राध्यापकांकडे कारणं तयार होती: जिद्द नाही, शाळा कच्ची, घरी वातावरण नाही, पैसा नाही. ट्रायझमननं ही कारणं मानली नाहीत की नाकारली नाहीत, तो मुलांच्या राहायच्या जागी जाऊन बघत बसला की ती अभ्यास करतात तरी कशी. त्याला दिसलं की चिनी वंशाची मुलं एकत्र बसून गणितं सोडवतात, एकमेकांची उत्तरं तपासतात, कुठं अडलं तर त्यांना लगेच कळतं की हे गणितच अवघड आहे. कृष्णवर्णीय मुलंही मन लावून अभ्यास करत होती पण एकटी, आणि अडलं की त्यांना वाटायचं आपल्यालाच येत नाही. त्यानं रेमेडियल क्लास काढले नाहीत. त्यानं वर्कशॉप काढलं, गटात बसायचं आणि नेहमीपेक्षा अवघड गणितं सोडवायची, आणि निकाल पालटला.

आपल्याकडे रेमेडियल म्हटलं की संध्याकाळी पाच वाजता, मागच्या खोलीत, 'कमजोर विद्यार्थ्यांची यादी' नोटीस बोर्डवर लावून. त्या यादीत नाव आलं की पोरगं तिकडे फिरकत नाही आणि मग आपणच म्हणतो इंटरेस्ट नाही. मी जिथं जिथं सांगायला जाते तिथं हेच सांगते, यादी काढू नका, सगळ्यांसाठी खुलं ठेवा, अवघड प्रॉब्लेम द्या, सीनियरला बसवा, चहा ठेवा, आणि मराठीत बोलायची मुभा द्या. थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमावर मराठीत भांडता आलं की इंग्रजीत लिहिता येतं. २०२१ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, प्रादेशिक भाषेत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिलीय, त्यावर वाद चालू आहेत आणि चालू राहोत, पण ट्यूटोरियलमध्ये मुलानं मराठीत शंका विचारायला कुठल्याच परवानगीची गरज नाही.

इंजिनिअरला हे जमतं का, याचं उत्तर रॅम्पपासून सुरू करते कारण तिथं आपली विद्या थेट लागते. नियम एकास बारा उताराचा आहे. तीन पायऱ्यांचा, म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटरचा जोता असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. तुमच्या कॉलेजातला रॅम्प टेपनं मोजा. पुष्कळ ठिकाणी तो दोन मीटरचा असतो, ज्यावर व्हीलचेअर स्वतःच्या हातानं चढवणं अशक्य आणि उतरवणं धोक्याचं, वर त्याच्या तोंडाशी कुणाची तरी बाईक उभी. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत दिव्यांगांसाठीच्या सोयी येतात म्हणून त्याचा फोटो मात्र फाईलला लावलेला असतो. फोटोऐवजी उताराचं माप फाईलला लावायचा आग्रह धरा, एवढ्यानंच मॅनेजमेंट हलते हे माझ्या अनुभवातलं आहे. आणि बांधकामाला पैसे नाहीत म्हणाले तर टाइमटेबल बदला. मेकॅनिकलच्या जड मशीनच्या लॅब तळमजल्यावर आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर असा बहुतेक इमारतींचा नकाशा असतो, ज्या डिव्हिजनला व्हीलचेअरवरचा किंवा कुबड्या घेऊन येणारा विद्यार्थी आहे तिचे सगळे तास खाली आणायला एक रुपया लागत नाही, टाइमटेबल इनचार्जला एक दुपार बसावं लागतं.

नीट न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांचं जास्त सविस्तर सांगते, कारण 'आंधळा मुलगा इंजिनिअरिंग कसं करणार' हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. टी. व्ही. रामन हे नाव प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात माहीत असायला हवं. पुण्याचे, काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी पूर्ण गेली, वाडिया कॉलेजला गणित शिकले, आयआयटी मुंबईतून कॉम्प्युटर सायन्स, मग कॉर्नेलला पीएचडी, १९९४. त्यांचा प्रबंधच असा होता की लाटेकमध्ये (गणित टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेलं अवघड गणित कॉम्प्युटरनं मोठ्यानं वाचून दाखवायचं, तेही नुसतं एकामागून एक चिन्ह नाही तर समीकरणाची रचना कानाला कळेल असं. त्या सिस्टिमचं नाव ॲस्टर, त्यांच्या गाईड डॉगचंही तेच. पुढे ते गूगलमध्ये गेले. हा माणूस तीस वर्षांपूर्वी हे करून बसलाय आणि आपण आज स्कॅन केलेल्या, तिरक्या झालेल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स पीडीएफ नोट्स म्हणून टाकतो, ज्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, नुसतं एक चित्र वाटतात.

तुम्ही काय करू शकता ते बघा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानंच तो सुरू केला. तो स्वतःच्या मशीनवर टाका, मॉनिटर बंद करा आणि स्वतःच्या नोट्स ऐका. मराठी नोट्स जुन्या श्रीलिपी छापाच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर काहीच्या बाही अक्षरं ऐकू येतील, कारण त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, डोळ्याला फक्त मराठी दिसतं. युनिकोडमध्ये आणा, काम झालं. समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नका, टाइप करा. सर्किटची आकृती दिसत नसेल तर स्पाइस या सर्किटच्या सॉफ्टवेअरची नेटलिस्ट, म्हणजे जोडण्यांची यादी, द्या, ती सगळी टेक्स्टच असते: अमुक रेझिस्टर, नोड एक ते नोड दोन, एक किलोओहम. अंध विद्यार्थी ती ऐकून सर्किट डोक्यात उभं करतो आणि मेश ॲनालिसिस करतो. हे सुचायला समाजशास्त्र लागत नाही, सर्किट येणारा माणूस लागतो, आणि म्हणूनच मला वाटतं की या कामात इंजिनिअर कमी आहेत याचं फार मोठं नुकसान होतंय.

आणि रिसर्च जिवंत ठेवून हे करता येतं याचा पुरावा म्हणून आयआयटी दिल्लीचे प्रोफेसर एम. बालकृष्णन बघा. मूळ काम चिप डिझाइन आणि एम्बेडेड सिस्टिमचं. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून अंध लोकांसाठी अल्ट्रासॉनिक काठी निघाली, गुडघ्याच्या वरचे अडथळे, उघडी खिडकी, ट्रकचा मागचा भाग, जे साध्या पांढऱ्या काठीला कळत नाहीत ते ओळखणारी. वापरणाऱ्यांबरोबर बसून वर्षानुवर्षं ती सुधारत नेली आणि २०१४ मध्ये स्मार्टकेन म्हणून बाजारात आली. त्याच लॅबमधून पुढे ब्रेलचं उपकरण आणि पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्या बोटानं वाचता येतील अशा उठावदार करण्याचं काम झालं. हे कुणी 'रिसर्च सोडला' म्हणेल का?

कायदा वाचावा लागेल, त्याला पर्याय नाही, आणि इंजिनिअरला तो स्टँडर्ड कोडसारखा वाचता येतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, सरकारी आणि अनुदानित संस्थांत चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना निदान पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट आहे. परीक्षेत तासाला निदान वीस मिनिटं जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लेखनिक मिळायला चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. हे शेवटचं एक्झाम सेलला छापून द्या, कारण आपल्या महाराष्ट्रात डिस्लेक्सियाच्या मुलांना दहावी-बारावीला सवलत मिळते, ती नव्वदीच्या दशकापासून आहे, आणि तीच मुलं इंजिनिअरिंगला आली की कॉलेज पहिल्या सेमला त्यांच्याकडे कागद पुन्हा पहिल्यापासून मागतं. एका ठिकाणी एक मुलगी सगळे कागद घेऊन परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत तीन टेबलांमध्ये फिरत होती, ती हुशार होती, चिवट होती म्हणून टिकली. चिवटपणा ही ॲडमिशनची पात्रता नाहीये.

जातीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्याचा उतार टेपनं मोजता येत नाही. हॉस्टेलला पहिल्याच रात्री 'पर्सेंटाईल किती?' हा प्रश्न कशासाठी विचारला जातो हे ज्याला विचारलं जातं त्याला पक्कं माहीत असतं. २०१२ पासून यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) समानतेचे नियम आहेत. २०१९ मध्ये हैदराबादचा संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आणि मुंबईतल्या डॉ. पायल तडवी यांच्या आया सुप्रीम कोर्टात गेल्या त्या हे नियम कागदावरून खाली उतरावेत म्हणूनच. त्या दोघींनी आपली मुलं गमावल्यानंतर हे केलंय, ही गोष्ट तुम्ही या खुर्चीत बसाल तेव्हा समोर ठेवा. तक्रार यायची वाट बघू नका, तक्रार फार उशिरा येते.

आधी जे हातात आहे ते करा. स्कॉलरशिपच्या याद्या प्रवर्गाच्या रकान्यासकट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद करा, ज्याला त्याला वेगळा मेसेज जाऊ दे. मग व्हायवाकडे, म्हणजे तोंडी परीक्षेकडे, बघा. थिअरीच्या पेपरला सीट नंबर असतो, तपासणाऱ्याला नाव दिसत नाही. ओरल आणि टर्मवर्कला समोर माणूस असतो आणि आडनाव असतं, आणि आपल्याकडे आडनावातून काय काय कळतं ते मी सांगायला नको. थिअरी आणि ओरलच्या मार्कांतली तफावत गटवार काढून बघा, कुणावर आरोप न करता, कुठल्याही एका सरांचं नाव न घेता, पूर्ण विभागाची. मग प्रस्ताव ठेवा की ओरलच्या आधी कशाला किती मार्क ते लिहून ठरवायचं आणि इंटर्नल, एक्स्टर्नलनी वेगवेगळे मार्क भरून मग सरासरी. याला विरोध करणं कुणालाही अवघड जातं, कारण हे सगळ्याच विद्यार्थ्यांच्या फायद्याचं आहे, आणि मोजमापात ऑपरेटरचा फरक पडतो हे तर आपणच मेट्रॉलॉजीत शिकवतो.

मुलींचंही असंच. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या, पहिल्या वर्षी निदान १४ टक्के, पुढे १७, मग २० टक्क्यांपर्यंत, त्याआधी बीटेकला मुली दहा टक्क्यांच्याही आत होत्या. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. फार मोठी गोष्ट आहे ही. पण मेस, खोलीभाडं, बस हे उरतंच, आणि कॉलेजच्या आत उरतं ते असं की लायब्ररी अकरापर्यंत उघडी आणि मुलींच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद, मेकॅनिकलच्या इमारतीत मुलींसाठी टॉयलेट दुसऱ्या टोकाला, प्रोजेक्ट ग्रुपमध्ये चार मुलं लेथवर आणि एक मुलगी रिपोर्ट टाइप करायला. प्रोजेक्टमध्ये कामं दर काही आठवड्यांनी फिरवायची आणि लॉगबुक बघूनच मार्क द्यायचे, इतकं साधं आहे ते, मी हे स्वतः लावून बघितलंय आणि मुली लेथवर जातात, मुलं रिपोर्ट लिहायला शिकतात, दोघांचं भलं.

पैशाबद्दल एकच सांगते पण ते मनावर घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं आयआयटी धनबादला एका दलित मुलाला प्रवेश द्यायला सांगितलं, रोजंदारीवर काम करणाऱ्या बापाला साडेसतरा हजार रुपये जमवायला शेवटची वेळ झाली आणि पोर्टल बंद झालं, एवढ्यावरून सीट गेली होती. त्याआधी २०२१ मध्येही आयआयटी मुंबईच्या सीटबद्दल असंच एक प्रकरण कोर्टात गेलं होतं, फी भरताना कार्ड चाललं नव्हतं. जे कोर्टात पोचले त्यांची नावं आपल्याला कळली. तुमच्या कॉलेजात ॲडमिशनच्या आठवड्यात प्रिन्सिपलच्या सहीनं चोवीस तासांत मिळणारा छोटा फंड असला पाहिजे, माजी विद्यार्थी यासाठी आनंदानं पैसे देतात, मागायला मात्र कुणीतरी गेलं पाहिजे. आणि महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलचा, फॉर्म भरताना, आधार सीडिंग (खात्याला आधार जोडणं) चुकीच्या बँकेला झालंय का ते बघताना, मुलाच्या शेजारी बसणारा एक माणूस ठेवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' उभं केलं ते याच समजुतीवर की पोरगं हुशार असून उपयोग नाही, त्याच्या जेवणाची सोय लागली पाहिजे.

सहकाऱ्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. 'मेरिट' हा शब्द दर मीटिंगला येईल. वाद घालू नका, आकडे ठेवा. पहिल्या सेमला मागे असलेली मुलं नीट आधार मिळाला की शेवटच्या वर्षाला कुठं पोचतात याचा तुमच्याच कॉलेजचा आलेख दाखवा. जो आलेख आपल्या मुलांचा असतो त्याच्यापुढं लोक थांबतात, विचार करतात. सगळे नाही, पण ज्यांना बदलायचंय असे प्रत्येक विभागात दोन-तीन जण असतात आणि ते बहुतेक वेळा लॅब असिस्टंट आणि ऑफिसमधल्या क्लार्क मॅडम असतात, त्यांना विसरू नका, विद्यार्थी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलतो.

आता करिअर. हे काम प्रमोशनच्या फॉर्ममध्ये प्रशासकीय कामाच्या एका ओळीत संपतं, पेपरचे मार्क वेगळे असतात, आणि हा धोका खरा आहे. म्हणून पहिली काही वर्षं दोन्ही चालू ठेवा, एक पीएचडीचा विद्यार्थी, एक चालू प्रोजेक्ट, आणि असोसिएट प्रोफेसर होईपर्यंत तरी लॅबला कुलूप लावू नका. दुसरं म्हणजे हे कामच रिसर्च म्हणून करा. इंजिनिअरिंग एज्युकेशन हे रीतसर क्षेत्र आहे, अमेरिकेत पर्ड्यूला २००४ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग निघाला, आयआयटी मुंबईत एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत पीएचडी होते, आणि जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स तर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधूनच निघतं. मुलाखती कशा घ्यायच्या, संमती कशी घ्यायची, मुलाखतीतल्या मजकुराचं विश्लेषण कसं करायचं हे मात्र शिकावं लागेल, ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. जवळच्या विद्यापीठातल्या समाजशास्त्राच्या नाहीतर शिक्षणशास्त्राच्या एखाद्या मॅडमना बरोबर घ्या आणि पेपरवर त्यांचं नाव पहिलं ठेवायची तयारी ठेवा. आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय ते विद्यार्थी कमिटीत हवेत, पाहुणे म्हणून नाही, मत देणारे म्हणून.

मॅनेजमेंटशी बोलताना एनआयआरएफचा, म्हणजे केंद्राच्या कॉलेज रँकिंगचा, उपयोग होतो, त्यात पोहोच आणि सर्वसमावेशकतेला दहा टक्के वजन आहे, ते त्यांना लगेच कळतं. तेवढ्याच बळावर दोन गोष्टी मागून घ्या आणि लेखी घ्या: शिकवण्याच्या लोडमधून आठवड्याला ठरावीक तास कमी, आणि कक्षासाठी स्वतंत्र बजेट हेड, भले रक्कम लहान असो. या दोन गोष्टींची ऑर्डर हातात आल्याशिवाय 'पूर्णवेळ' हा शब्द तोंडातून काढू नका. ऑर्डर मिळाली की येत्या सेमचं टाइमटेबल लागायच्या आधी फर्स्ट इयरची यादी मागवा आणि कुणाचा वर्ग तळमजल्यावर हवाय ते बघा, त्याला फार वेळ उरलेला नाही.